आक्कांची पोती आणि तुमचा वारा

वारा नव्हता.

हे मी तुम्हाला पेठ नाक्यावर सांगितलं, इस्लामपुरात चहा घेताना सांगितलं, घरी येऊन हातपाय धुताना सांगितलं, आणि पुढे जेव्हा जेव्हा विषय निघाला तेव्हा तेव्हा सांगितलं. दर वेळी तुमचं उत्तर एकच. "वारा हुता." आता तुम्ही नाही. भिंतीवर फोटो लागलाय, फोटोला हार आहे, आणि मी त्या फोटोकडे बघून परत तेच म्हणतेय. काल तुमच्या आक्का स्वयंपाकघरातून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "शालन, कुणासंगं बोलाय लागलीयास?"

मी म्हटलं, "तुमच्या भावाशी. भांडण अर्धं राहिलंय."

लोक येतात, बसतात, मेजर देवमाणूस होता म्हणतात. असाल. मला देवमाणसाशी काही बोलायचं नाही. मला त्या हट्टी माणसाशी बोलायचंय जो माझा पिठाचा डबा मागच्या फळीवरून उचलून पुढच्या फळीवर ठेवायचा, आणि "किलोभर वजनानं काय होतंय?" असं विचारलं की म्हणायचा, "किलोकिलोनंच क्विंटल हुतोय."

दारात ती तुमची जीपमागे जोडायची चाकांवरची खोली उभी आहे. तुम्ही तिला कॅराव्हॅन म्हणायचा, गाव तिला मेजरचा डबा म्हणतं. कुंडलमध्ये फौजेतून परत आलेला प्रत्येक माणूस मेजरच असतो. तुम्ही तोफखान्यात ड्रायव्हर होता, हे सांगून काही उपयोग नव्हता. चोवीस वर्षं तुम्ही कुठल्या कुठल्या डोंगरातून तोफा ओढत होता. मी इकडे शाळेत पोरांना पाढे शिकवत होते, रेश्माला वाढवत होते, तुमच्या आईबापांचं करत होते. सुट्टीवर आलात की म्हणायचा, "तू रिटायर झालीस की तुला समदा देश दावतो. हाटेलात न्हाई, आपल्याच घरात बसवून." मला वाटायचं, बोलायचं म्हणून बोलताय. पण माझा निरोपसमारंभ झाला, आणि पुढच्याच आठवड्यात तुम्ही पलूसच्या एमआयडीसीत एका वेल्डिंगवाल्याकडे सांगाडा बनवायला दिलात.

तिथूनच भांडणाला सुरुवात झाली.

मला ओटा मागच्या बाजूला हवा होता. मागे मोठी खिडकी, खिडकीखाली ओटा. जिथे मुक्काम करू तिथलं रान बघत भाकरी थापायची, एवढीच माझी हौस. जन्मभर भिंतीकडे तोंड करून स्वयंपाक केला होता. तुम्ही म्हणालात, "ओटा चाकांच्या वर. मधोमध."

"मधोमध तर कपाट येतंय. खिडकी कुठाय तिथं?"

"खिडकी पाडून देतो. बारकी. पर वटा हलायचा न्हाई."

मग मला अंगणात नेऊन तुम्ही शिकवायला लागलात. मला! सिलेंडर, पाण्याची टाकी, ओटा, बॅटरी, जे जे जड ते चाकांच्या वर किंवा जरासं पुढे. वजन मागे पडलं की पुढचा दांडा वर उचलतो, जीपच्या हुकावरचा भार जातो आणि मागचं शेपूट मोकळं सुटतं. फार पुढे टाकलं तर जीपचं बूड खाली बसतं, तिची पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग ऐकत नाही. साठ पुढं, चाळीस मागं. मला पहिल्या वेळीच समजलं होतं. मी आयुष्यभर गणित शिकवलंय. पण तुम्ही ते मला रोज सांगत राहिलात, जेवताना, झोपताना, पाहुण्यांसमोर. "साठ फुडं, चाळीस मागं." रेश्मा साताऱ्याहून फोन करायची तर आधी विचारायची, "आई, आज साठ-चाळीस झालं का?"

रेश्माचाच तो जुना वजनकाटा, माणसं ज्याच्यावर उभी राहतात तो. कॉलेजात असताना बारीक व्हायचं म्हणून आणलेला आणि पलंगाखाली पडून राहिलेला. तुम्ही तो शोधून काढलात. त्याच्यावर लाकडी ठोकळा, ठोकळ्यावर तुमच्या खोलीचा दांडा, आणि तुम्ही चष्मा लावून अंगणात ओणवे. हुकावर नेमका किती भार येतो ते बघायला. शेजारच्या बायका कुंपणावरून बघायच्या. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मग मोठ्या वजनासाठी जीप जोडून तुम्ही रस्त्यावरच्या वजनकाट्यावर जायचा, जिथे उसाच्या गाड्या रांगेत उभ्या असतात. काट्यावरचा दिलीप दर वेळी खिडकीतून डोकं काढायचा, "मेजर, ऊस कुठाय?" तुम्ही हसायचा नाही. आधी सगळं, मग नुसती खोली, मग नुसती जीप. मागच्या ट्रॅक्टरवाल्यांच्या शिव्या मी ऐकायच्या. तुमच्या कानात तर काट्याचे आकडे.

आणि आपण जायचो कुठे? औदुंबर! सायकलवर जाऊन येता येईल असं औदुंबर. तिथे मुक्काम करून परत आलात आणि म्हणालात, जरा डावीकडं वडती, बॅटरी सरकवाय पायजे. महिना त्यात गेला. मग पाण्याची टाकी बदलली, त्यात दुसरा. मी कंटाळून म्हटलं, "आवं, देश दाखवायचा होता ना? अजून पलूस तालुका सुटंना." तुम्ही रागावलात. "म्होरनं येणाऱ्या माणसाचा जीव माझ्या मागच्या डब्यात आसतोय," म्हणालात. "मी बिनघोर न्हाई हुईत तवर निघणार न्हाई." ते मला पटलं. माझी चिडचिड मात्र गेली नाही. अजून नाही गेली. तो जो काळ तुम्ही नट आवळण्यात घालवलात, तो आपला होता. मला काय माहीत होतं की आपल्याकडे एवढाच आहे.

शेवटी थंडीत निघालो. साताऱ्याला रेश्माकडे. हायवेला तुम्ही सावकाश, डाव्या कडेनं, सगळ्यांना पुढे जाऊ देत. खोली मागून अशी येत होती की मागे काही आहे हे विसरायला व्हावं. रेश्माच्या सोसायटीतली माणसं बघायला आली. तुम्ही सगळ्यांना साठ-चाळीस समजावलंत. रात्री घर सोडून आपण आपल्या खोलीतच झोपलो, पार्किंगमध्ये. सकाळी मी त्या मधल्या ओट्यावर चहा केला, तुमच्या बारक्या खिडकीतून किल्ला दिसत होता. मी तुम्हाला म्हटलंही, "बरी पाडलीय खिडकी." एवढं कौतुक मी केलं होतं. तुमच्या लक्षात असेल तर.

परत येताना शिराळ्याला आक्कांकडे वाकडी वाट केली. थोरली बहीण, तिला खोली दाखवायची होती. आक्कांनी आत चढून सगळं बघितलं, गादीवर बसल्या, नळ सोडून बघितला. आणि निघायच्या वेळी सोप्यातून पोती बाहेर यायला लागली. नव्या तांदळाची दोन, भुईमुगाच्या शेंगांचं एक, आणि वर गुळाच्या ढेपा.

"आक्का, ऱ्हाऊ दे," तुम्ही म्हणालात. "गाडीत जागा न्हाई."

"एवढी मोठी खोली घिऊन आलायस, अन् जागा न्हाई?" आक्का कमरेवर हात देऊन उभ्या. "का आता भनीचा तांदूळ जड झाला व्हय तुला?"

झालं. माझा पिठाचा डबा ज्यानं मागे राहू दिला नाही, तो माणूस खाली वाकला आणि त्यानं पोतं पाठीवर घेतलं. पुढच्या पलंगाखाली आपले कपडे आणि रेश्मानं दिलेलं सामान. मधे ओटा. जागा होती ती मागच्या दाराशी, म्हणून सगळं तिथे. मी म्हटलं, "आवं, मागं?" तुम्ही माझ्याकडे बघितलंतसुद्धा नाही. "एवढ्यानं काय हुतंय," म्हणालात. तुम्ही! तुमच्या तोंडून हे वाक्य ऐकून मला हसू आलं होतं. पुढे काय होणार आहे हे कळलं असतं तर मी रस्त्यात आडवी झाले असते.

शिराळा मागे पडलं आणि उतार लागला. समोरून एसटी आली, वेगात. ती बाजूनं गेली आणि मागून कुणीतरी जीपचा कान धरून हलवावा तसं झालं. एकदा डावीकडे, मग उजवीकडे, मग परत डावीकडे, आणि दर वेळी जास्त. आरशात आपली खोली कधी या बाजूला दिसायची कधी त्या बाजूला. आत भांडी पडल्याचा आवाज आला. समोरून दुधाची गाडी येत होती. मी ओरडले, "ब्रेक मारा!"

तुम्ही ब्रेक मारला नाही. पाय उचललात. स्टिअरिंग दोन्ही हातांनी सरळ धरलंत, खोली ओढेल तिकडे फिरवलं नाहीत. आणि बोलत होतात. माझ्याशी नव्हे, तिच्याशी. "काय न्हाई, काय न्हाई," बुजलेल्या कालवडीशी बोलावं तसं. जीप आपोआप मंद होत गेली. हेलकावे कमी झाले. दुधाची गाडी हॉर्न वाजवत अंगाला लागून निघून गेली. खोली मागे सरळ झाली. तुम्ही हळूच कडेला घेतलंत, मग ब्रेक.

मी खाली उतरले नाही. तुम्ही उतरलात, मागचं दार उघडलंत, आणि एकट्यानं एकेक पोतं ओढून पुढे आणलंत. रेश्माचं सामान काढून मागे टाकलंत, हलकं होतं ते. परत येऊन बसलात, रुमालानं हात पुसलेत, आणि म्हणालात, "वारा लागला एसटीचा."

"वारा नव्हता."

"एसटी गेली ती बघितलीस न्हवं? तिचा वारा."

"हायवेला किती एसट्या गेल्या? कंटेनर गेले. तेव्हा का नाही लागला वारा?"

तुम्ही किल्ली फिरवलीत. विषय संपला. मला फार काही नको होतं. मला दोन शब्द हवे होते. चुकलं माझं. बस. तेवढं म्हटलं असतंत तर मी इस्लामपुरात चहाबरोबर भजीसुद्धा मागवली असती.

दुसऱ्या दिवशी तुम्ही पलूसला गेलात आणि खोलीच्या पुढच्या भागात धान्याची पेटी बसवून आलात, पट्टे लावून, पोतं हलू नये अशी. मागच्या दाराशी आडवी पट्टी ठोकलीत, तिथे कुणाला काही ठेवताच येऊ नये म्हणून. मी बघत होते. मी विचारलं, "ही पेटी कशाला?" तुम्ही म्हणालात, "असावी." परवा भाऊजी म्हणाले, "वैनी, पेटी बशिवली म्हंजे तुमच्यापाशी कबूलच केलं की दादानं." असेल. पण मी पेटीशी संसार केला नव्हता.

मग फाल्गुनात तुम्ही गेलात. सकाळी बसल्या जागी, कप हातात. बोलायला वेळ दिला नाहीत. बाकी काय झालं, कुठे नेलं, डॉक्टर काय म्हणाले, ते सगळ्यांना पाठ झालंय. मला ते परत सांगायचं नाही.

मला सांगायचंय ते त्यानंतरचं. तिसऱ्या दिवशी काट्यावरचा दिलीप आला. चटईवर बसला, टोपी काढली, आणि म्हणाला, "बाई, मेजर लय सच्चा माणूस. त्या शिराळ्याच्या येळंचं मला सोता सांगितलं. म्हणलं, दिल्या, येवढी वर्सं तोफा वडल्या आन् भनीच्या दोन पोत्यापुढं अक्कल गेली. चूक माझी. शेपटाला वजन टाकलं म्या."

मी त्याला म्हटलं, "कधी सांगितलं हे?"

"दुसऱ्याच दिशी. पेटी बशिवली न्हवं का, तिचं वजन कराय आलं हुतं."

मी भाऊजींकडे बघितलं. भाऊजी खाली बघत होते. "मला बी सांगितलं हुतं, वैनी."

वेल्डिंगवाल्याला सांगितलं होतं. पट्टी का ठोकायची ते समजावून सांगताना. रेश्माला फोनवर सांगितलं होतं, आणि "आईला बोलू नगंस" अशी वर तंबी. पानपट्टीवर, गावच्या विकास सोसायटीच्या पायरीवर, जिथे जिथे कुणी ट्रॉली ओढणारा भेटला तिथे तुम्ही स्वतःची चूक सांगत फिरलात, दुसऱ्यानं करू नये म्हणून. अख्ख्या कुंडलला माहीत होतं. मला सोडून. त्या जीपमध्ये तुमच्या शेजारी कोण बसलं होतं? दिलीप बसला होता?

मला त्या दिवशी रडू आलं नाही. मला इतका राग आला की मी उठून मागच्या अंगणात गेले आणि वाळत घातलेल्या मिरच्या उगाच खालीवर करत बसले.

तेराव्याला आक्का थांबल्या. पाहुणे गेल्यावर मी त्यांना सरळ विचारलं. त्यांनी पदरानं डोळे पुसले. "त्याच दिशी सांजच्याला फोन केला त्येनं मला. म्हणला, आक्का, तू दिलंस त्यात तुजी काय चूक न्हाई, ठिवलं म्या. शालन शेजारी हुती. तिच्या तोंडाकडं मला बघवंना झालंया."

"मग मला का नाही सांगितलं?"

आक्का रडण्यातच हसायला लागल्या. "म्या बी तेच इचारलं. तर म्हणला, तिला कसं सांगू? ती मास्तरीण हाय. लाल शाईनं गोल करून ठिवील जन्मभर."

ठेवला असता! का ठेवला नसता? माझा पिठाचा डबा तुम्ही जन्मभर ऐकवला असतात, मी तुमची पोती ऐकवली असती. नवरा-बायकोचं दुसरं काय असतं म्हातारपणी? एवढी धास्ती बाळगलीत माझ्या लाल शाईची, आणि तिकडे कड्यावरून तोफा नेताना म्हणे छाती धडधडली नाही.

गेल्या रविवारी शहरातल्या विश्रामबागेतून एक गृहस्थ खोली बघायला आले. भाऊजींनीच बोलावलं होतं, दारात उभी राहून गंजण्यापेक्षा कुणाच्या उपयोगी पडेल म्हणून. चांगला माणूस होता, बोलायला नम्र. जत्रांमधून आइस्क्रीम विकायचा विचार होता. आत फिरून म्हणाला, "हा ओटा काढून टाकू. मागं डीप फ्रीज बसंल. मोठा. आणि त्याच्या मागं जनरेटर."

मी दारात उभी होते. म्हटलं, "मागं नाही चालणार."

"म्हणजे?"

"जड ते चाकांवर येऊ द्या. थोडं पुढं. मागं टाकलं की हुक हलकं होतं आणि उताराला शेपूट सुटतं. साठ पुढं, चाळीस मागं."

तो हसला. "बाई, ते आमी बघू की. तुमी किंमत सांगा."

"विकायची नाही," मी म्हटलं. भाऊजी तोंडाकडे बघत राहिले. तो माणूस गेल्यावर मी ओट्यापाशी स्टुलावर बसले आणि तुम्हाला इतक्या शिव्या दिल्या की तुम्ही असतात तर टायरमधली हवा बघायच्या निमित्तानं उठून गेला असतात. माझं बोलणंसुद्धा माझं ठेवलं नाहीत. वाक्यं तुमची माझ्या तोंडात घालून निघून गेलात.

रेश्मा म्हणते ती चालवायला शिकेल. तिला सुट्टी मिळाली की भाऊजी शेजारी बसून शिकवतील, आधी रिकामी खोली जोडून, मोकळ्या रस्त्याला. मी हो म्हटलंय. ओटा जिथे आहे तिथेच राहील.

आता एक राहिलं. ते मी कुणालाच सांगितलेलं नाही, दिलीपला नाही, रेश्मालाही नाही.

त्या उतारावर, खोली दोन्ही बाजूंना झोकत होती तेव्हा, मी एकदाच ओरडले. त्यानंतर मी समोर बघतच नव्हते. तुमच्या हातांकडे बघत होते. ते हात मी घरात बघितलेले, भाकरी मोडताना, खुरपं धरताना, रेश्माच्या वह्यांना कव्हरं घालताना. हे हात मी कधी बघितले नव्हते. चोवीस वर्षं तुम्ही कुठे होता, काय करत होता, ते मला पत्रांतून कळायचं, म्हणजे काहीच कळायचं नाही. तुम्ही लिहायचा, मजेत आहे, थंडी आहे. मी इकडे एकटीनं सगळं रेटत होते आणि मनात म्हणायचे, ड्रायव्हरच तर आहेत, गाडी चालवतात, मजेत आहेत. त्या दिवशी पहिल्यांदा मला दिसलं की मजेत असणं म्हणजे काय होतं. मागे तोफ, बाजूला दरी, आणि तुम्ही तोंडानं "काय न्हाई, काय न्हाई" म्हणत असणार. माझी भीती तिथल्या तिथे गेली होती. खोली सरळ व्हायच्या आधीच.

हे मी तुम्हाला म्हणणार होते. तुम्ही पोती पुढे आणत होता तेव्हा माझ्या तोंडात तयार होतं. पण तुम्ही येऊन वाऱ्याचं काढलंत, आणि मी ठरवलं, आधी तुम्ही. तुम्ही तुमचं म्हणा, मग मी माझं म्हणेन. मला वाटलं, आज ना उद्या म्हणाल. घाई काय होती?

तुमचं मला पोचलं. उशिरा, आणि दिलीपच्या, आक्कांच्या तोंडून, पण पोचलं.

माझं कुणाच्या हाती पाठवू?